बाई, मग तो श्वास कसा चालतो?

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. घरच्यांना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळीनंतर साधा खोकला म्हणून अंगावर काढला आणि त्याचा न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात काढून आता लेकीकडे पुण्याला आहे. तब्येत बरी आहे. दोन जिने चढले की धाप लागते, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला ती लागायचीच.

तर त्या धापेसाठी डॉक्टरांनी फुप्फुसांची एक तपासणी करून घ्यायला सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर एक पंचविशीतला मुलगा. "आजी, आता सगळा श्वास सोडा. आता पूर्ण घ्या. धरा, धरा, धरा, धरा... सोडा!" शाळेच्या कवायतीत मी इतकी वर्षं मुलांना हेच सांगत आले, आता माझ्यावर पाळी आली. दहा सेकंद श्वास धरणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या खेपेच्या आधी मी सहज विचारलं, "बाळा, यात नुसती हवाच आहे ना?" तो म्हणाला, "नाही आजी, यात थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो."

मी नळी काढून हातात धरली. बंद न्हाणीघरात गीझरच्या धुराने माणसं जातात तो हाच वायू ना? तो हसला. म्हणाला, अगदी नावापुरता असतो, टक्क्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, काही होत नाही. मग मी निमूटपणे श्वास धरला.

घरी येऊन नातीला विचारलं. ती फिजिओथेरपी शिकते. तिने गव्हाच्या डब्यावर बसून मला ते समजावून सांगितलं आणि तिच्या पुस्तकातली दोन पानं वाचायला दिली. मी बी.ए. मराठीची. विज्ञानाशी माझा संबंध म्हणजे विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की सहावीचा तास घेणे, एवढाच. पण त्या दोन पानांवरून मी आणखी वीस पानांवर गेले, नातीने आणखी काही शोधून दिलं, आणि पंधरा दिवस एका डॅनिश जोडप्याच्या सहवासात गेले. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. आणि माझ्याबद्दलही, थोडं ओशाळून.

ही तपासणी ज्या बाईंच्या कामावर उभी आहे त्यांचं नाव मारी क्रोग. त्यांचे यजमान ऑगस्ट क्रोग. दोघांचा जन्म १८७४ चा. ऑगस्ट हा ग्रेनो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या जहाजं बांधणाऱ्याचा मुलगा, लहानपणापासून किड्यामुंग्यांच्या मागे. कोपनहेगनला आला, प्राणिशास्त्र शिकला आणि १८९७ मध्ये क्रिस्टियान बोर या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. बोर हे नाव ओळखीचं वाटेल. अणूची रचना सांगणारे नील्स बोर हे यांचेच चिरंजीव. पण त्या काळात मोठं नाव होतं ते वडिलांचं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजनवरची पकड सैल करतं, म्हणजे ज्या स्नायूला गरज आहे तिथेच ऑक्सिजन सुटतो, हा शोध १९०४ चा. त्यालाच पुढे बोर परिणाम म्हणायला लागले. त्या निबंधावर बोर आणि हॅसेलबाल्क यांच्यासोबत तरुण क्रोगचंही नाव आहे. म्हणजे गुरूने शिष्याला हाताशी धरून वर आणलं होतं.

आता वादाचा मुद्दा. आपण श्वास घेतो, हवा फुप्फुसात जाते. तिथून ऑक्सिजन रक्तात जातो तो कसा? एक म्हणणं असं की आपसूक जातो. देवघरात उदबत्ती लावली की वास स्वयंपाकघरात आपोआप येतो, कुणी ढकलावा लागत नाही, तसा. जिथे जास्त आहे तिथून कमी आहे तिकडे. पुस्तकी भाषेत विसरण. दुसरं म्हणणं बोर यांचं. ते म्हणत, फुप्फुसाचं आवरण जिवंत आहे, ते लाळेच्या ग्रंथींसारखं काम करून ऑक्सिजन आत ओढतं. म्हणजे विहिरीवर मोटर बसवलेली असते तसं.

हे म्हणणं वेडगळ नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माशांच्या पोटात तरंगण्यासाठी जी हवेची पिशवी असते, तिच्यात काही मासे खरोखरच ऑक्सिजन भरतात, आजूबाजूच्या पाण्यात तो कितीतरी कमी असताना. माशाला जमतं तर आपल्या फुप्फुसाला का नाही? शिवाय बोर यांनी मोजमापं केली होती, आणि त्यांच्या आकड्यांत कधी कधी रक्तातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त दिसत होता. उदबत्तीचा वास काही उलटा कोंडत जात नाही. म्हणजे मोटर असलीच पाहिजे.

क्रोगही सुरुवातीला हेच मानून कामाला लागला होता. पण त्याला एक सवय होती, ती म्हणजे आपली उपकरणं आपणच करायची आणि ती आणखी बारीक करत न्यायची. त्याने एक लहानसं उपकरण तयार केलं. वाहत्या रक्ताच्या धारेत हवेचा एक इवलासा बुडबुडा ठेवायचा. बुडबुडा इतका लहान की रक्तातल्या वायूंशी त्याचा मेळ चटकन बसतो. मग तो केसासारख्या नळीत ओढून त्याची लांबी मोजायची. पोटॅशने कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा, परत लांबी मोजायची. ऑक्सिजन शोषून घ्यायचा, परत मोजायची. बस्स. दरवेळी उत्तर एकच येत गेलं. रक्तातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा कमीच. एकदाही जास्त नाही. मोटर नाही. उदबत्तीच.

राहिली एक शंका. आपसूक जाणारा ऑक्सिजन माणसाला पुरेल का? स्वस्थ बसलेल्याला पुरेल एक वेळ, पण धावणाऱ्याला? इथे मारीबाई येतात. त्या लग्नानंतर डॉक्टर झाल्या, कोपनहेगनला रोगी तपासत, पुढे चार मुलं झाली, आणि हे सगळं करून प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बरोबरीने काम. घर आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत, त्यामुळे पोळी तव्यावर आणि बुडबुडा नळीत, असं काहीसं चालत असणार. (हे माझं आपलं, पुस्तकात नाही.) दोघांनी युक्ती काढली ती कार्बन मोनॉक्साइडची. हा वायू हिमोग्लोबिनला असा घट्ट चिकटतो की एकदा पलीकडे गेला की परत येत नाही. तेव्हा तो अगदी थोडा हुंगायला द्यायचा, श्वास धरायला लावायचा, आणि किती नाहीसा झाला ते मोजायचं. त्यावरून फुप्फुसाच्या भिंतीतून वायू किती वेगाने पार होतात ते कळतं. उत्तर आलं की पुरतो, कष्टाच्या कामातही पुरतो. मारीबाईंनी पुढे यावर प्रबंध लिहिला आणि १९१५ मध्ये त्यांचा मोठा निबंध एका इंग्रजी नियतकालिकात आला. नंतर ही रीत विस्मरणात गेली, १९५० च्या दशकात पुन्हा बाहेर काढली गेली, आणि आज माझ्या नाकाला चिमटा लावून तो मुलगा "धरा, धरा" म्हणत होता ते तेच. माझ्या रिपोर्टवर मारीबाईंचं नाव कुठेही नाही. त्या मुलालाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, "हो का आजी? भारी." आनंद वाटला.

आता मूळ गोष्टीकडे. हाती आलेलं उत्तर गुरूच्या विरुद्ध होतं. आणि गुरू हयात होते, त्याच शहरात होते. क्रोग दांपत्याचे सात निबंध १९१० मध्ये एकदम एका अंकात प्रसिद्ध झाले. त्यांना गमतीने सात छोटी भुतं म्हणत. त्यातल्या एकाच्या आरंभी क्रोगने जे लिहिलं आहे त्याचा आशय असा, की पुढच्या पानांत मला माझे शिक्षक बोर यांच्या मतांशी झगडावं लागणार आहे, त्यांच्या काही प्रयोगांवर टीकाही करावी लागणार आहे. पण माझ्यावर त्यांचं ऋण आहे, आणि गेल्या वीस वर्षांत या विषयात जी खरी प्रगती झाली ती मुख्यतः त्यांच्याच कष्टांमुळे झाली.

मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. ओळीच्या पहिल्या भागात चूक दाखवली आहे, दुसऱ्यात नमस्कार आहे, आणि दोन्ही खरे आहेत. नमस्कार केला म्हणून चूक सौम्य केलेली नाही. चूक दाखवायची म्हणून नमस्कार आखडता घेतलेला नाही. बोर यांना हे रुचलं नाही, संबंध ताणले गेले. त्यात १९११ च्या फेब्रुवारीत बोर गेले. गुरू-शिष्यांना पुन्हा जवळ यायला वेळच मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

वाद तिथे संपला नाही, हेही सांगते. इंग्लंडचे मोठे शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन मोटरच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं पडलं की सपाटीवर नसेल, पण उंच डोंगरावर फुप्फुस तसं करत असेल. त्यासाठी ते १९११ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक या पर्वतावर जाऊन राहिले. मग केंब्रिजच्या बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये स्वतःला काचेच्या खोलीत सहा दिवस कोंडून घेतलं, आतला ऑक्सिजन कमी करत नेला आणि शेवटी स्वतःच्या मनगटाच्या धमनीतून रक्त काढवलं. रक्तातला दाब हवेपेक्षा कमीच. हाल्डेन मात्र १९३६ मध्ये जाईपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. एवढा बुद्धिमान माणूस, खाणीतल्या विषारी वायूंवर काम करून ज्याने कित्येक जीव वाचवले, तोही. मला त्याचा राग येत नाही, उलट जवळचा वाटतो. का ते पुढे येईल.

क्रोग पुढे फुप्फुसावरून स्नायूंकडे वळला. हवा रक्तात आली खरी, पण काम तर स्नायूत होतं, तिथवर ती पोचते कशी? योहानेस लिंडहार्ड या सहकाऱ्याबरोबर त्याने १९१३ मध्ये एका जागी उभ्या सायकलवर माणसं बसवली. दिसलं असं की पायडल मारायला सुरुवात करताच, त्याच क्षणी, श्वास आणि नाडी वाढते. रक्तात काही बदल व्हायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हा मेंदू पायांना हुकूम सोडतो त्याच वेळी फुप्फुसाला आणि हृदयालाही वर्दी देत असणार, असा अर्थ त्यांनी लावला. पाहुणे दारात यायच्या आधीच चहाचं आधण ठेवावं तसं. मी आता जिन्याच्या पहिल्या पायरीवर स्वतःकडे लक्ष देते. खरंच, धापेची तयारी आधी होते.

मग केशवाहिन्या. क्रोगला प्रश्न पडला की स्वस्थ बसलेल्या स्नायूला थोडा ऑक्सिजन पुरतो, कामाला लागलेल्याला कितीतरी जास्त लागतो, ही सोय कशी होत असेल? त्याने आधी गणित मांडलं, आणि त्यासाठी मदत घेतली ती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाची. एकाच वेळी किती लोक फोन करतील याचा हिशेब करणारा हा माणूस, त्याने एका केशवाहिनीभोवती ऑक्सिजन कुठवर पोचेल याचं सूत्र काढून दिलं. (आमच्या शाळेत एका विषयाचा शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात डोकावत नसे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.) मग प्राण्यांच्या शिरेत काळी शाई सोडून स्नायूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. स्वस्थ स्नायूत शाई भरलेल्या केशवाहिन्या तुरळक, काम केलेल्या स्नायूत त्यांची दाटी. माझे वडील शेतकरी. उसाला दारं धरणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. पाण्याची पाळी आली म्हणजे सगळे वाफे एकदम भिजवत नाहीत. ज्याला हवं त्याचं दार फोडायचं, बाकीचे मातीने बुजवायचे. क्रोग म्हणाला, स्नायूही दारं धरतो. याबद्दल त्याला १९२० चं नोबेल मिळालं, एकट्याला.

आणि आता गंमत ऐका. हे दारं धरणंही पुढच्या लोकांनी तपासून पाहिलं. नव्या साधनांनी जिवंत स्नायूत पाहिलं तेव्हा स्वस्थ असतानाही बहुतेक केशवाहिन्यांत रक्त वाहताना दिसलं. दारं बंद नसतात, सगळ्या पाटांत थोडं थोडं पाणी चालूच असतं, काम लागलं की त्याचा जोर वाढतो, आणि तो जोर सांभाळतात त्या केशवाहिन्यांच्या अलीकडच्या बारीक धमन्या. म्हणजे नोबेल मिळालेल्या चित्राची मोठीच दुरुस्ती झाली. ज्याने गुरूची चूक काढली त्याची चूक त्याच्या मागून आलेल्यांनी काढली. क्रोगचा प्रश्न मात्र अजून तोच आहे, आणि ऑक्सिजनचा हिशेब मांडायला एर्लांगचं सूत्र आजही हाताशी घेतात.

इन्सुलिनची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती आमच्या घरातली आहे. आमच्या ह्यांना शेवटची अकरा वर्षं इन्सुलिन होतं. फ्रीजच्या दारात अंड्यांच्या जागी ती पेनं असायची आणि त्यावर नोव्हो नॉर्डिस्क हे नाव. मी ते रोज वाचायचे आणि कधी विचार केला नाही. तर मारीबाईंना मधुमेह होता. १९२२ मध्ये क्रोग व्याख्यानांसाठी अमेरिकेत गेला तेव्हा त्याही बरोबर होत्या. टोरांटोत नवं औषध निघाल्याचं कळल्यावर तिकडे जाऊया हा आग्रह त्यांचा. नोव्हेंबरात दोघं टोरांटोला गेले, डेन्मार्कमध्ये औषध तयार करायची परवानगी घेऊन परतले. नाताळच्या आधीच मारीबाईंचे डॉक्टर हागेडॉर्न यांच्याबरोबर क्रोगने जनावरांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला होता, आणि १९२३ मध्ये रोग्यांना इन्सुलिन मिळू लागलं. तिथून जी संस्था निघाली तिच्यातून भांडून बाहेर पडलेल्या दोघा भावांनी १९२५ मध्ये दुसरी काढली, आणि १९८९ मध्ये दोन्ही एक झाल्या. तेच ते पेनावरचं नाव. आपल्या देशात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त रोगी आहेत असं २०२३ च्या मोठ्या पाहणीत आलं होतं. त्यातल्या किती घरांच्या फ्रीजमध्ये मारीबाईंच्या त्या आग्रहाचा अंश असेल!

असो. विषय माझा वेगळा आहे.

दर गुरुपौर्णिमेला आणि पाच सप्टेंबरला माझ्या फोनवर शंभरेक संदेश येतात. दिवा, कमळ, हात जोडलेले. जुने विद्यार्थी आठवण काढतात, बरं वाटतं, खोटं का बोलू. पण इतक्या वर्षांत एकाही संदेशात असं आलं नाही की, "बाई, तुम्ही आम्हाला अमुक चुकीचं शिकवलं होतं, मी मोठेपणी तपासून पाहिलं." चुकीचं तर मी बरंच शिकवलं असणार. मग ते मला सांगावंसं कुणालाच का वाटलं नाही? शिष्याकडून हरण्याची इच्छा गुरूने धरावी, असं आपल्याकडे सुभाषित आहे. सुविचाराच्या फळ्यावर मी ते स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. पण आपण मुलांना गोष्ट सांगतो ती एकलव्याची. अंगठा देणारा शिष्य आपल्याला आवडतो. गुरूचं माप पुन्हा घेऊन बघणारा आवडत नाही, त्याला आपण उद्धट म्हणतो.

आता आमचे भावजी हे वाचून फोन करणार हे मला माहीत आहे. ते म्हणतील, वहिनी, हल्लीची पोरं आधीच काय कमी उलट बोलतात? व्हॉट्सॲपवर चार ओळी वाचतात आणि डॉक्टरला शिकवायला जातात. भावजी, तुमचं बरोबर आहे, पण ते वेगळं आहे. क्रोग १८९७ मध्ये बोर यांच्याकडे आला आणि ते सात निबंध आले १९१० मध्ये. तेरा वर्षं. गुरूच्याच हाताखाली मोजायला शिकला, गुरूपेक्षा बारीक मोजायला लागला, आणि मग बोलला. विरोध करायलाही राबावं लागतं. पण ही तेरा वर्षं सुरू कुठून होतात? सहावीच्या वर्गात एक हात वर होतो तिथून. तो हात आपण खाली बसवला, तर पुढे व्हॉट्सॲपच उरतं. मला वाटतं, आम्ही शिक्षकांनी मोठ्यांचा मान राखायला शिकवलं आणि वाद घालायला शिकवायचं राहून गेलं, म्हणून आज लोकांना एक तर पाया पडता येतं नाही तर तोंड टाकता येतं.

आम्ही शिक्षकांनी असं म्हटलं, पण खरं तर मी असं म्हणायला हवं.

१९८४ साल. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, आणि सहावीचा तास माझ्याकडे. धडा श्वसनाचा. मी फळ्यावर दोन बाण काढले. आत जाणाऱ्या बाणावर ऑक्सिजन, बाहेर येणाऱ्यावर कार्बन डायऑक्साइड. आपण प्राणवायू घेतो आणि दूषित वायू सोडतो, लिहून घ्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. नाव लिहीत नाही, आता तोही पन्नाशीचा असेल. नुकताच स्काउटच्या शिबिराला जाऊन आला होता. म्हणाला, "बाई, बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देतात. आपण दूषित वायू सोडतो, मग तो श्वास कसा चालतो?"

वर्ग शांत झाला. मला उत्तर येत नव्हतं. "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते," एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं लिही. फार शहाणपणा नको. खाली बस." मुलं हसली. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केल्याचं मला आठवत नाही. पुढे दहावीपर्यंत माझ्याकडे मराठीला होता, तेव्हाही नाही.

उत्तर मला या महिन्यात मिळालं. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. बाहेर येणाऱ्या हवेतही सोळा टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो, कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार. आपण सगळा ऑक्सिजन काढून घेतच नाही, म्हणून दुसऱ्याला दिलेला श्वास चालतो. माझे दोन्ही बाण चूक होते. मुलगा बरोबर होता, आणि त्याने ते कुठल्या पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या डोक्याने ताडलं होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे पाहिलं. क्रोगने दुसरं काय केलं होतं?

त्या मुलाचा क्रोग झाला असता असं मी म्हणत नाही. तसं काही नसतं. तालुक्याच्या गावातली शाळा, प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट, आणि विज्ञान शिकवायला मी. पण बोर यांच्या जागी मी असते तर, हा विचार मनातून जात नाही. बोर नाराज झाले, दुखावले गेले, सगळं खरं. तरी क्रोगला मोजायला त्यांनीच शिकवलं होतं. आणि घरी वाढलेला त्यांचा मुलगा, नील्स, पुढे १९३० च्या दशकात क्रोग आणि हेवेशी यांच्याबरोबर किरणोत्सारी अणू वापरून जिवंत शरीरातल्या घडामोडींचा माग काढण्याच्या कामात भागीदार झाला. वडिलांना खोटं पाडणाऱ्याशी त्याने वैर धरलं नाही. त्या घरात वाद होत असणार आणि वादानंतर जेवणंही होत असणार.

क्रोग शेवटपर्यंत मोजतच राहिला. जर्मनांनी डेन्मार्क व्यापलेलं असताना १९४४ मध्ये त्याला स्वीडनला पळून जावं लागलं. मारीबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. युद्धानंतर तो निवृत्त झाला आणि उडणाऱ्या टोळांच्या स्नायूंवर काम करू लागला. टोळांना गोल फिरणाऱ्या पाळण्याला बांधून उडवायचं आणि त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचं. १९४९ मध्ये गेला तेव्हा ते काम अर्धं होतं, तरुण सहकाऱ्याने पुढे नेलं. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती तेव्हा टीव्हीवर ते ढग पाहून मला फक्त पिकांची काळजी वाटली होती. आता दिसले तर त्यांच्या छातीतल्या स्नायूंकडे बघेन.

रिपोर्ट आला. आकडा माझ्या वयाच्या मानाने बरा आहे म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा आहे. नातीने विचारलं, "आजी, त्या मुलाचं पुढे काय झालं?" मला काहीच माहीत नव्हतं. मग त्याच वर्गातल्या एका मुलीला फोन केला, तिच्याकडे त्यांच्या बॅचचा ग्रुप आहे. तो कोल्हापूरकडे असतो, मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, विहिरीवरच्या. हे ऐकून मी फोनवरच हसले, तिला काही कळेना. नंबर तिने पाठवला आहे. चार दिवस झाले, तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. काय बोलायचं ते कागदावर उतरवलं आहे, तरी नंबर फिरवताना श्वास धरला जातो. रविवारी दुकान बंद असेल. तेव्हा लावीन म्हणते.